निरीक्षण नाही

विद्यापीठाकडून फॉर्म आला :
उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कार, वर्ग चार.
नाव, पद, सेवेची वर्षं,
आणि खाली सहा ओळींची चौकट,
‘उल्लेखनीय कार्य’.
निंबार्ते सर म्हणाले, बाबू, कुमरेचं लिहून टाका,
आज शेवटची तारीख.

मी खिडकीतून पाहिलं.
धानाच्या बांध्यांपलीकडे, तारेच्या कुंपणात
दामशाव कुमरे बाष्पपात्रातून बेडूक काढत होते,
हळू, पाणी सांडू नये म्हणून :
सांडलं तर तेवढं उन्हाच्या नावावर जाईल.

एकोणतीस वर्षं. सकाळी साडेसात, दुपारी अडीच.
पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडायचं,
श्वास आवरायचा,
डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा,
आधी दशांश, मग अंश.
मलमल आली नाही त्या वर्षी
ओल्या तापमापीला स्वतःच्या धोतराची पट्टी बांधली
आणि शेऱ्यात तसं नोंदवलं.
यात उल्लेखनीय काय लिहू?
पारा वाचणं म्हणजे पारा वाचणं.

जुनी रजिस्टरं काढली, वाळवीनं कडा खाल्लेली.
आकड्यांमागून आकडे,
प्रत्येक सातची शेपटी जरा लांब.
आणि दोन हजार तीन, सोळा जानेवारी, सकाळची ओळ :
सगळे रकाने कोरे.
शेऱ्यात, तांबड्या शाईनं : निरीक्षण नाही.

विचारलं तर म्हणाले,
पोरीले नागभीडच्या दवाखान्यात नेलं होतं रात्री, खासरातून.
वापस आलो त अकरा वाजले.
तवाचे साहेब म्हणे, पंधराचा आहे, सतराचा आहे,
मधला आकडा टाकून दे.
मग?
मधला आकडा मी पाह्यला नव्हता ना, बाबू.

पोरीचं पुढं काय झालं ते विचारलं नाही.
खिशातला मोबाईल नातवानं घेऊन दिलाय,
एवढं माहीत होतं.

चौकटीत मी लिहिलं :
एकोणतीस वर्षांत एकदा चुकले,
आणि ती चूक कोरी ठेवली.
निंबार्ते सरांनी आडवी रेघ मारली.
वर लिहिलं : अखंड व निष्ठापूर्वक सेवा.
बाबू, माणसाला पुरस्कार मिळू द्यायचाय ना?

मिळाला.
आदल्या दुपारच्या एसटीनं निघताना
त्यांनी माझ्या हातात पेटीची किल्ली दिली
आणि दोरा बांधलेली शिसपेन्सिल.
आंग दूर ठेवजा. डोया पाऱ्याच्या सरळ.
बस्स.

गजर लावला होता मी.
उठलो तेव्हा ऊन समोरच्या कौलांवरून खाली उतरलेलं.
चप्पल एका पायात, धावत गेलो.
आठ चाळीस.
काचेच्या गोळ्यानं पट्टीवर
आजच्या उन्हाची बारीक रेघ जाळायला घेतली होती,
तिला माझ्यासाठी थांबायचं नव्हतं.
पेटी उघडली. पारा होता कुठंतरी.
साडेसातला कुठं असेल हे काढता आलं असतं :
कालचा आकडा समोर, थंडीचे दिवस,
आणि गणितात मी काही वाईट नव्हतो.
दोन-अडीच तासांनी तिकडे सभागृहात
कुणीतरी माईकवर म्हणणार होतं : अखंड.

टेबलाच्या तिन्ही खणांत तांबडा पेन नव्हता.
शेवटी निंबार्ते सरांचा घेतला.

तिसऱ्या दिवशी कुमरे आले.
स्मृतिचिन्हाच्या काचेला तडा,
नारळ एसटीच्या सीटखाली राहिलेला,
शाल वायरच्या पिशवीत.
बसलेही नाहीत. रजिस्टर उघडलं.
बोट सरकत सरकत त्या ओळीवर थांबलं,
बराच वेळ थांबलं.

अडीचचा त घेतला ना?
घेतला.
दशांश आधी?
आधी.

चष्मा पुसून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं,
दोन वाजून वीस.
किल्लीसाठी हात पुढे केला.
शाल माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकून
कुंपणाकडे चालू लागले.