फट

नेरिओ स्प्रिंगवर विश्वास ठेवत नसे.
म्हणे, ताणून ठेवलेली वस्तू
आज ना उद्या दगा देतेच.
आणि मग मेव्हण्याचं उदाहरण द्यायचा.

बोलोन्याच्या पश्चिमेला, रुळांपलीकडे
आमची लांबट शेड.
तिथे झडप उघडायला एक कॅम,
मिटायला दुसरा.
उघडणारा तर सगळ्यांकडेच असतो.
मिटणाऱ्यासाठी मी सहा वर्षं
त्याच्या डाव्या हाताला उभी राहिले.

मिनिटाला बारा हजार फेरे,
म्हणजे सेकंदाला शंभरदा ती झडप
उघडणार आणि मिटणार.
एवढ्या घाईत स्प्रिंग गांगरते,
झडप अधांतरी राहते,
आणि खालून पिस्टन येतो.
तो थांबून विचारत नाही.

म्हणून शिमा.
शेंगदाण्यासारख्या कागदाच्या पुड्यांत,
एकीपेक्षा दुसरी शतांश मिलिमीटरने जाड.
हवी ती मिळाली नाही तर
काचेवर पॉलिश पेपर, त्यावर दोन थेंब तेल,
आणि बोटाखाली शिम धरून
इंग्रजी आठ गिरवत बसायचं.
मध्येच तो म्हणे, पुरे.
मी मोजायची. पुरेच झालेलं असायचं.

त्या वर्षी जूनमध्ये इमोलाला
आमच्या सत्तावीस नंबरवर इलारिओ बेन्दान्दी.
कोरडा क्लच असा खडखडायचा
की कुणी चमच्यांनी भरलेला खण हलवतंय.
नेरिओ डोळे मिटून भिंतीला टेकलेला.
शेवटून तिसऱ्या फेरीत म्हणाला,
पुढचा सिलिंडर. एक्झॉस्ट.
मला तर चमचेच ऐकू येत होते.

दोन शतांश सेकंदांनी हरलो.
रात्री इंजिन उघडलं, गेज सरकवला,
तो जायला नको तिथे आरामात गेला.
नेरिओने वही काढली.
तारीख, सिलिंडर, ०.०४,
आणि पुढे एकच शब्द: माझं.

मंगळवारी इलारिओ आला,
विन्योलाच्या चेरींची पिशवी घेऊन.
म्हणाला, गाडी माझ्यापेक्षा वेगात होती,
मीच मागे राहिलो.
खोटं होतं, सगळ्यांना माहीत होतं.
सगळ्यांनी चेरी खाल्ल्या.
नेरिओने बिया गोळा करून
शिमांच्या रिकाम्या पुडीत बांधल्या.
का, ते मी विचारलं नाही.

मग नवं इंजिन आलं. चार सिलिंडर.
पादोव्हाहून आलेली इंजिनीअर, झॅम्बोन आडनावाची,
पडद्यावर आलेख दाखवत म्हणाली,
धातू आता पुष्कळ पुढे गेलाय,
आपण स्प्रिंगवर परत येतोय.
परत, हा शब्द तिने सहज वापरला.
वाईट नव्हती, नंतर कॉफी आणून दिली.
नेरिओने एकच प्रश्न विचारला:
स्प्रिंगची तार कोण ओढतं?
तिने दूरच्या एका गावाचं नाव घेतलं.
त्यांना विचारा, तो म्हणाला,
रात्री झोप लागते का.

नवं इंजिन चांगलं आहे. सांगायला हवं.
चौपट किलोमीटर कुणी झाकण उघडत नाही.
मी आता स्प्रिंगा मोजते,
पट्टीवर दाबून, आकडा बघून,
आणि पाचला घरी जाते.
खणात त्याचे गेज आहेत,
पानं उलगडली की जुन्या तेलाचा वास येतो.

रविवारी तो तिकीट काढून येतो.
सत्तावीस नंबर आता दर्शनी दालनात,
काचेआड, तेल काढून घेतलेली,
टायर मात्र चकचकीत.
मुलं नाक लावून उभी असतात,
हाही त्यांच्या ओळीत उभा राहतो.
मागच्या खेपेला तळवा काचेवर ठेवून
बराच वेळ थांबला.
मग मला म्हणाला,
आतली फट तेवढीच असेल बघ, मी शेवटची लावली तेवढी.
चाललीच नाही ना.

रखवालदार फडकं घेऊन आला,
पंजाचा ठसा पुसू लागला.
हलक्या हाताने, नेरिओ म्हणाला.