जूनपर्यंत

फेब्रुवारीत माझा हात खोटं बोलतो.
कोमानीच्या उन्हात बोटं सैलावतात,
चहाचा कप धरतात, शेजारच्या बाळाचं नाक पुसतात,
आणि कुणी विचारलंच, काय झालंय गं याला,
तर मलाही पटकन सांगता येत नाही.

डॉक्टर पोरगेला होता. म्हणाला,
झोलेका आई, ही वरची गुंडी लावून दाखवा.
आणि मी लावली.
दोनदा निसटली, तिसऱ्यांदा लावली,
वर शाळेत पहिला नंबर आल्यासारखी मान ताठ केली.
त्यानं काहीतरी लिहिलं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
कोंबड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं
बर्फाच्या पाण्यात पंख नि पाय वेगळे करणारा हात
एका गुंडीपायी धडधाकट ठरला.
नामंजुरीचा मेसेज चर्चमध्ये आला, स्तोत्राच्या मधोमध;
पिशवीत फोन थरथरला तो मी वाचला नाही
आमेन होईपर्यंत.

दीर म्हणतो, अपील कर.
नोबांटू म्हणते, अपिलाचे कागद कपाटात म्हातारे होतात,
त्यापेक्षा तीन महिने थांब, नवा अर्ज भर.
मार्च, एप्रिल, मे.
मी बोटांवर मोजते, याच बोटांवर.
करंगळी मोजताना वाकत नाही.

पण मे म्हणजे अजून दुपारचं ऊन.
मे महिन्यात मी पुन्हा गुंडी लावीन,
माझा मला भरवसा नाही.
जूनमध्ये दव गोठतं, नळ गोठतो,
आणि हा हात पहाटे
कुणीतरी विसरलेल्या चमच्यासारखा पडून असतो रजईवर.
जूनमध्ये तो खरं बोलेल.

फक्त, एक महिना म्हणजे
मक्याच्या पिठाचं एक पोतं,
दफन-मंडळाची वर्गणी (ती चुकली तर मला पुरणार कोण),
आणि अब्दिरहमानच्या वहीत माझ्या नावाखाली
अजून एक ओळ. तो काही बोलत नाही.
पेन्सिलीला टोक मात्र सावकाश करतो.

म्हणजे बघा, देवाकडे मी काय मागते आहे:
थंडी लवकर पाड, माझी बोटं आखडू दे.
असली प्रार्थना आजवर केली नव्हती.

आज अठ्ठावीस मे.
लुखान्योच्या स्वेटरची गुंडी सकाळी लागेना.
पोरगं सहा वर्षांचं, म्हणालं, सोड आजी, मी लावतो,
आणि लावलीही, एक घर चुकवून.
तो वाकडा स्वेटर घालून शाळेत गेला
आणि मी दारात उभी, हात काखेत धरून;
रडू येतंय की सुटल्यासारखं वाटतंय
ते ठरेना.

जूनची वाट नाही बघणार.
सोमवारी पाचला रांगेत उभी राहीन.
बिनगुंड्यांचा झगा आहे, तो नको.
तो निळा ब्लाउज घालीन, सहा गुंड्यांचा,
नोबांटूकडून लावून घेईन.
आणि डॉक्टर म्हणाला, लावून दाखवा,
तर या खेपेला
हाताला मदत करणार नाही.