सुनावणीस सक्षम

रोज दोन तास. त्याहून जास्त नाही,
असं मीच लिहून दिलंय.
साडेनऊला रक्तदाब, दहाला न्यायाधीश,
बाराच्या आत गेरविन टोमफोर्डे, वय शहाण्णव,
पुन्हा रुग्णवाहिकेत, गुडघ्यांवर चौकटीचं पांघरूण.

खटला बालन्यायालयात चालतो,
कारण तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.
खोलीच्या कोपऱ्यात अजून ठेवलीय
लाकडी ठोकळ्यांची पेटी, मुलांसाठीची.
ती हलवायचं कोणाला सुचलं नाही.

एल्बेच्या धक्क्यावरची पाववाली म्हणाली,
पिकलं पान ते, गळेल आपोआप,
कशाला झाड हलवता?
मी सुटे पैसे मोजत राहिले.
माझ्या आजोबांनाही कोणी काही विचारलं नव्हतं.
मीसुद्धा नाही.
सफरचंदांची कलमं फार सुरेख बांधायचे ते.

आरोपपत्रात तो कोणाला मारत नाही.
दवाखान्याच्या बराकीत टेबलाशी बसतो,
डावीकडे पांढऱ्या कोटातला डॉक्टर, समोरून रांग.
डॉक्टर बोट हलवतो, हा कार्डावर टंकतो:
कामास सक्षम.
कामास अक्षम.
एका अक्षराचा फरक.
कार्डं सापडलीत. खाली सही त्याची.
एकाही कार्डावर खाडाखोड नाही.

त्याला काही आठवत नाही.
हे तो रोज सांगतो, सौम्यपणे,
शेजाऱ्याला साखर संपली म्हणून सांगावं तसा.
शिबिर? हो, थंडी होती. सूप मिळायचं. पुढे धुकं.
माझ्या चाचण्याही साधारण तेच म्हणतात:
घड्याळ काढायला सांगितलं
तर सगळे आकडे तो उजवीकडेच
दाटीवाटीने बसवतो.

गुरुवारी इबोल्या झादान्यी आल्या.
बुडापेस्टहून, रेल्वेने, दोन ठिकाणी गाडी बदलून.
वय ब्याण्णव.
त्यांच्यासाठी वेगळा डॉक्टर नेमलेला नव्हता.
म्हणाल्या, बहीण माझी, रोझी, सोळाची, खोकत होती.
मी तिच्या मागे उभी.
टेबलामागच्या मुलाने आमचं आडनाव दोनदा विचारलं,
चुकू नये म्हणून.
मला बरं वाटलं हो तेव्हा.
ज्याला नाव नीट लिहायचंय
तो माणूस वाईट कसा असेल?

मग लघुलेखिका, कामाला लागून महिना झालेली,
नम्रपणे म्हणाली,
नोंदीसाठी आडनावाची अक्षरं सांगता का?

बाई थांबल्या.
दुभाष्याने प्रश्न पुन्हा विचारला.
रेडिएटरमध्ये पाणी खुळखुळत होतं.
माझी बोटं त्याच्या मनगटावर,
म्हणून मी सगळ्यांत जवळ,
म्हणून फक्त मीच ऐकलं,
श्वासाहून जेमतेम मोठं:
त्सेट. एस. आ. डे. आ. एन. इप्सिलॉन. ई.

कदाचित त्याने वाचलं असेल.
साक्षीदारांची यादी समोरच होती.
चष्मा मात्र पांघरुणावर, मिटलेला.
कदाचित मलाच ऐकायचं होतं,
इतके महिने त्या दोन तासांत
काहीतरी ऐकायचं होतं.
आणि मी साक्षीदार नाही. मी नाडी मोजते.

नाडी चौसष्ट. आधीही चौसष्टच होती.
माझी मी मोजली नाही.

शेवटी बाईंनी अक्षरं सांगितली, एकेक,
दुकानात मोजून पैसे द्यावेत तशी.
लघुलेखिकेकडून एस राहिला.
बाईंनी सांगून तो घालून घेतला,
मग पर्स मांडीवर घेऊन
त्या लाकडी ठोकळ्यांकडे बघत बसल्या.

पावणेबाराला फॉर्म माझ्यापुढे आला.
उद्याच्या सुनावणीस, आणि पुढे मोकळी जागा.
पलीकडे तो म्हणत होता, आज भाकरी मऊ आहे का हो?
कोणाला म्हणत होता कळलं नाही.
मी स लिहिला
आणि बाकीचं लिहायच्या आत
बाहेर रुग्णवाहिकेचं मागचं दार
उघडल्याचा आवाज आला.