डावा, उजवा

वाटणीत कुणी डावं-उजवं केलं नाही, म्हणतात.
डावा स्पीकर अप्पांना आला,
उजवा काकांना.
डेक आमच्याकडे राहिला, कॅसेटी तापीपलीकडे गेल्या
चोपड्याला, बाजरीच्या रिकाम्या पोत्यात.
मग आम्ही पुन्हा त्याच कॅसेटी विकत घेतल्या,
त्यांनी डेक.

अमळनेरच्या आमच्या घरात
त्यामुळे एकतीस वर्षं तबला वाजला.
गाणारी बाई कुठेतरी भिंतीपलीकडे,
ओल उमटावी तशी अंधुक.
मला वाटे, गाणं असंच असतं.
चोपड्याच्या प्रमिलाला तबला माहीतच नव्हता.

मार्चात नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला, वहीएवढा,
आणि उजवा मागायला गेले.
काकांनी नाही म्हटलं नाही. हो पण नाही.
गळ्यातल्या रुमालाने जाळी पुसली
आणि माझ्याबरोबर एस.टी.त येऊन बसले,
स्पीकर मांडीवर, तोंड खिडकीकडे.
कंडक्टरने विचारलं, "हाई काय से?"
"अर्धं," काका म्हणाले.
तापीचा पूल सरेपर्यंत कंडक्टर हसत होता.

घरी मागची फळी उघडली.
आत कुंभारमाशीचं मातीचं घर, रिकामं.
कागदी कोनाची कड पापडासारखी,
बोट लावलं की झडणारी.
इस्माईल मन्यारने सांगितली होती तशी
पतंगाच्या कागदाची पट्टी, पातळ केलेला फेव्हिकॉल,
रात्रभर पंख्याखाली.
मीटरवर साडेसहा ओहम. जिवंत आहे.
तारांना मात्र ना लाल ना काळा,
दोन्ही सारख्याच मळकट.

सकाळी जोडणी. मोबाईलवरून लग्नातलं काहीतरी लावलं.
आवाज आला, पण पोट नसलेला,
ढोल म्हणजे पत्र्यावर सांडलेले हरभरे.
काका म्हणाले, "जुनं से, जाऊ दे."

मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला.
टोकं टेकवली:
डाव्याचा कोन पुढे आला,
उजव्याचा मागे गेला.
म्हणजे हा श्वास सोडायचा तेव्हा तो घेत होता,
आणि मधल्या मधे खर्ज मरत होता.
बिघाड दोघांतही नव्हता.
उजव्याच्या दोन तारा उलट केल्या,
नखाने साल सोलायला लागला तेवढाच वेळ.
घड्याळ आठ वाजून दहा मिनिटांवर तसंच राहिलं.

मग लाल-पांढऱ्या पिना खोचून जुना डेक,
त्यात आमची कॅसेट.
(काकांनी त्यांची पिशवीतून आणली होती.
ती त्यांनी बाहेर काढली नाही.)
आधी गुणगुण, खरखर,
आणि बाई आली.
उजवीकडे, दिवाणापाशी, हात लागेल इतकी जवळ.
तबला खिडकीत, त्याच्या नेहमीच्या जागी.
आणि मधे, जिथे नुसत्या आमच्या चपला पडलेल्या,
तिथे तानपुरा.
आत अप्पा चहा ढवळत होते. चमचा थांबला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला,
बॅलन्सचं बटण चाचपलं
आणि डावीकडे फिरवलं, पार शेवटपर्यंत.
बाई गेली.
चोपड्याहून आणलेला तो गप्प.
नुसता तबला.
काका खुर्चीच्या कडेला येऊन ऐकत राहिले,
गुडघ्यावर बोट, दर आवर्तनात एक मात्रा चुकवत.

अप्पा कपबश्या घेऊन दारात.
"एकच वाजी राह्यना का?"

"हाऊ तुना से," काका म्हणाले.
"बठ."