वीतभर अंतर

वडील एका चुडात सहा-सात काड्या खोचायचे.
म्हणायचे, एकटं रोप बुजतं.
महिना-सव्वा महिन्याची रोपं, गुडघ्याला लागणारी,
मुळं झटकून, शेंडे खुडून.

मी दहाव्या दिवशीच काढली.
उपटली नाहीत,
दुधावरची साय उचलावी तशी
मातीसकट पत्र्यावर घेतली,
दाणा अजून बुडाला चिकटलेला.
दोरीला वीतवीतभर अंतरानं गाठी मारल्या
आणि गाठीगाठीपाशी एकेक काडी
ठेवत गेले, दाबली नाही.

संध्याकाळी बांधावरून बघते तर
शेत कुठंय?
नुसता चिखल,
आणि त्यात दात पडलेल्या फणीसारखं काहीतरी.

खालच्या खाचराचा रानैवू थांबला,
खांद्यावर त्याच्याहून उंच दांड्याचं फावडं.
"वुआहिराना, उरलेलं उद्या लावणार का?"
त्याच्या बैलांनीही मान फिरवली, असं मला वाटलं.

वीस दिवस खाली बघून निंदत राहिले.
एकविसाव्या दिवशी मोजले :
एका काडीला अकरा फुटवे.
पुन्हा मोजले.
कुणाला सांगितलं नाही.

मासे सोलुफू आणतो, बेताफूहून, सायकलवर.
दोन पिवळे कॅन, त्यात बोटाएवढी कार्पची पिल्लं.
रस्ता बरा असला तरी तो मुद्दाम खड्ड्यांतून येतो,
पाणी हिंदकळलं की त्यांना श्वास मिळतो म्हणे.
आमच्याकडे तरी त्याला खड्डे शोधावे लागत नाहीत.

अडचण अशी की भाताला मधूनमधून
पाय कोरडे लागतात
आणि माशाला पायच नाहीत.
म्हणून कडेनं चर खणला, मांडीएवढा खोल.
आत्या म्हणाली, दोन ओळी घालवल्यास.
घालवल्या.
पाणी सोडायचं ते हळू, अर्धा दिवस लावून,
म्हणजे पिल्लं त्याच्या मागे मागे चरात उतरतात.
पहिल्या वर्षी मी घाई केली होती.
किती मेली ते विचारू नका.
बगळ्यांनी मात्र मोजली असतील.

मग फेब्रुवारीतलं वादळ.
रात्रभर डोंगरावरून पाणी,
पहाटे बांधाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड.
चरात गढूळ पाणी, वर तरंगणारी काट्यांची फांदी,
मी हात घालून चाचपलं, कोपरापर्यंत.
काही नाही.

खाली रानैवू त्याच्या दाट भातात उभा.
"माझ्या शेतात काहीतरी हलतंय," तो म्हणाला.
मी म्हटलं, हलू दे.
दुसरं काय म्हणणार?
पाण्याला कुणाचं शेत कुठलं हे ठाऊक नसतं,
आणि माशाच्या पाठीवर मी नाव लिहिलं नव्हतं.

मे महिन्यात कापणी.
माझ्या गोणी गेल्या वर्षीपेक्षा चार जास्त.
पाच म्हणाले असते, पण एक उंदरांची.
रानैवूची कापणी माझ्यानंतर.
संध्याकाळी तो आला, टोपलीत ओला पेंढा,
पेंढ्यात तीन कार्प, तळव्याहून मोठे.
"बाकीचे खाल्ले," म्हणाला,
दारातच, चिखलाच्या पायांनी.
मग बराच वेळ त्याला जायचं सुचेना.
"ते होते तिथं तण कमी होतं,"
हे त्यानं उंबऱ्याकडे बघून सांगितलं.
"चर किती खोल खणतेस?"

मी मांडीवर हात ठेवून दाखवलं.
त्यानं स्वतःच्या मांडीवर ठेवून बघितला.

दोरी मागितली, ती दिली नाही.
मला लागते.
शिवाय त्याचा पंजा माझ्या दीडपट,
त्यानं आपल्या गाठी
आपल्या वितीनं माराव्यात.