आठ अक्षरं

इंगेब्रिक्टच्या स्वयंपाकघरात ते खोकं
तीन हिवाळे बाकाखाली पडून होतं.
वर मांजर झोपायचं.
मच्छीमार संस्थेनं बेटावरच्या सगळ्या होड्यांना दिलेलं यंत्र,
बसवायचं काम माझं,
आणि यादीत उरलेलं नाव एकच.

पहिल्या साली म्हणाला, मीठ खाऊन टाकेल त्याला.
दुसऱ्या साली, बॅटरीचा भरवसा नाही.
तिसऱ्या साली काहीच बोलला नाही.
कॉफी ओतली, खिडकीशी नेलं मला:
चर्चचा मनोरा डोंगराच्या खाचेत येऊ द्यायचा,
मग मालेनाची लाल वखार काळ्या खडकामागून
बोटभर बाहेर आली, की इंजिन बंद.
खाली चाळीस वाव पाणी, आणि कॉड.

वखार तर पडली ना, गेल्या वादळात?
"पडली," तो म्हणाला. "मला दिसते."

आस्लाउग मला दारापर्यंत पोचवायला आली.
पूर्वी पहाटे चारला फोन यायचे, म्हणाली,
वारा वायव्येचा आहे, इंगेब्रिक्ट, कुठं टाकू?
आणि हा अंथरुणातूनच, डोळे मिटून,
डोंगर इकडचे तिकडे सरकवायचा.
आता वाजलाच तर दातांच्या दवाखान्याचा.

एकवीस होड्यांत मी यंत्रं बसवली होती.
हिशेब मला तेव्हा लागला.

तरी एप्रिलात आला तो धक्क्यावर.
यादी पुरी झाल्याशिवाय माझे पैसे सुटत नाहीत
हे तिनंच त्याच्या कानावर घातलं असणार.
तो जागा दाखवी, मी बटण दाबी.
यंत्र नाव मागायचं. आठ अक्षरं, जास्त नाहीत.
हिला काय म्हणता?
"बापाची टोपी उडाली ती."
मी लिहिलं: बापटोपी.
आणि ही?
"नील्स आणि त्याच्या भावाचं बोलणं तुटलं ती."
मी लिहिलं: नील्स २.
दाखव, म्हणाला. पडदा लांब धरला, जवळ धरला.
चष्मा घरी राहिला, म्हणाला.
खिशातून चष्म्याची दांडी दिसत होती.
मी समुद्राकडे बघत राहिलो.

फेब्रुवारीत रात्री साडेअकराला माझा फोन वाजला.
दबका आवाज, मागे फळ्यांवर पाणी आपटत होतं.
"ते बापटोपी पुसायचं कसं?"
पुसून काय लिहिणार?
"काही नाही. रिकामं ठेवता येतं?"
येतं.
एकेक बटण सांगितलं. चुकला. पुन्हा पहिल्यापासून.
बोटं गारठली असतील, मी म्हणालो.
"हो, बोटंच," तो म्हणाला.
चौथ्यांदा जमलं.
"कुणाला बोलू नकोस."
नाही बोलत.

फोन ठेवेना.
"वारा वायव्येचा आहे," म्हणाला थोड्या वेळानं.
माझ्याकडे होडी नाही. जाळं नाही.
तिसऱ्या मजल्यावर राहतो मी, खाली बेकरी आहे.
बरं, मी म्हणालो,
मग कुठं टाकू?