दोनदा

फुलवंता नान्हेनं गळ्यावरचा पदर बाजूला केला
आणि म्हणाली, "गाठ काहाडा जी, पन हाक ठेवजा."
वैनगंगेच्या अल्याड तिचं घर,
पल्याड नवऱ्याचा डोंगा.
फोन तो घरीच ठेवून जातो, भिजेल म्हणून.
बावीस वर्षं ती त्याला पाण्यावरून जेवायला बोलावते.

ब्रह्मपुरीच्या पुढे, आमच्या दवाखान्यात
नस ओळखणारं यंत्र नाही.
जनरेटर आहे, माझ्या कपाळावर दिवा आहे,
आणि बोंदरे सिस्टर.

गाठ रामफळाएवढी. तिच्यामागे कुठेतरी नस.
ती नस सरळ घशात येत नाही,
आधी छातीत उतरते,
धमनीला खालून वळसा घालते
आणि श्वासनळीच्या कडेनं पुन्हा वर येते,
आमची एसटी जशी गाव मागे टाकून
फाट्यापर्यंत जाते, मग वळून गावात शिरते.
जाडी जाळं विणायच्या दोऱ्याएवढी.
ओलसर पांढरी, अंगावर एक लाल रेघ.
आधी ती दिसू दे, मग कात्री:
सरांनी एवढंच शिकवलं होतं, रागावून.

मधेच रक्त आलं.
चिमट्याकडे गेलेला माझा हात
सिस्टरनी नुसता बघितला.
घडी दाबून धरली. शंभर आकडे मोजले.
साठाव्या आकड्याला लाइट गेली,
जनरेटर खोकला, लागला.
घडी उचलली तर खोबणीत
ती होती.
मी तिला हात लावला नाही.

वरच्या टोकाला आणखी एक असते,
केसासारखी, पुष्कळदा दिसतच नाही.
साध्या बोलण्याला फारशी लागत नाही ती.
लागते उंच स्वराला,
नदी ओलांडणाऱ्या.
तिथे मी गाठीला खेटून गाठी मारल्या, एकेक,
न दिसणाऱ्या कुणाला तरी वाट सोडत.

शुद्धीवर येताच ती म्हणाली, "पानी."
आवाज जाडसर, पण पुरा.
सिस्टर हसल्या.
ओरडून दाखव, असं वॉर्डात कसं म्हणायचं?

टाके काढून गेली, मग आली नाही.

फाल्गुनात नवरा आला, टोपलीत मरळ घेऊन.
"बरी हाय जी. जेवते. भांडते.
फक्त अवंदा दोनदा हाक मारा लागते तिले.
वारा असन.
नाही त माहेच कान गेले असन."

मरळ अजून तोंड उघडत-मिटत होती.
मी मनात पुन्हा तिथे गेले:
उजवी बाजू, वरचं टोक, तिसरी गाठ.
आणि नदीवर वारा किती असतो
फाल्गुनात, दुपारी बाराला.